शास्त्रात नेमकं काय लिहिलंय हे बघायला भांडारकरांनी पोथ्या उघडल्या आणि थेट टिळकांशी वाद पेटला

पुण्यात भांडारकर रोड माहीत नसलेला माणूस सापडणं अवघड. लॉ कॉलेज रोडवर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था आहे, हेही पुष्कळांना ठाऊक असतं. पण ज्यांचं हे नाव ते रामकृष्ण गोपाळ भांडारकर कोण होते असं विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर संस्कृतचे मोठे पंडित इथेच थांबतं.

पंडित तर ते होतेच. पण १८९१ साली याच पंडिताने एक पुस्तिका लिहिली आणि शास्त्री मंडळींशी, खुद्द लोकमान्य टिळकांशी त्यांची खडाजंगी झाली. प्रश्न होता दहा-अकरा वर्षांच्या मुलींच्या जिवाचा. आणि त्याचं उत्तर शोधलं जात होतं दोन हजार वर्षांहून जुन्या ग्रंथांत.

जुन्या धर्मग्रंथांचा अर्थ आजच्या काळात कसा लावायचा? ग्रंथ माणसांनी लिहिले असं म्हटलं, तर देवाचं काय करायचं? भांडारकरांचं जवळजवळ सगळं आयुष्य या दोन प्रश्नांत गेलं. त्यांनी पोथ्या तपासल्या, तारखा लावल्या, नंतर घुसवलेले श्लोक शोधले आणि तरीही देवावरची श्रद्धा सोडली नाही. हे त्यांना कसं जमलं, त्याचीच ही गोष्ट.

मालवणचा मुलगा मुंबईला आला

भांडारकरांचा जन्म ६ जुलै १८३७ चा, मालवणचा. वडील महसूल खात्यात कारकून. बदलीमुळे घर रत्नागिरीला आलं आणि मुलाला इंग्रजी शाळा मिळाली. तिथून १८५३ च्या सुमारास ते मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले.

त्या काळातली मुंबई म्हणजे नव्या कल्पनांची खाण होती. मिशनरी हिंदू धर्मावर टीका करत होते, त्यांना उत्तरं देणारी मंडळी सभा भरवत होती आणि शिकलेली तरुण पोरं या दोघांच्या मध्ये आपली वाट शोधत होती.

अशाच तरुणांनी १८४९ साली परमहंस सभा नावाची एक गुप्त मंडळी स्थापन केली होती. देव एकच आहे आणि जातिभेद खोटा आहे, हे मानणाऱ्यांनाच तिथे प्रवेश. नुसतं तोंडाने मानून भागत नसे, इतर जातीच्या माणसाच्या हातचं खाऊन-पिऊन ते सिद्ध करावं लागे. विद्यार्थी असतानाच भांडारकर या सभेत जाऊ लागले.

पण सगळं चोरून चालायचं. घरी कळलं तर वाळीत पडायची भीती होती. १८६० च्या सुमारास सभेचं दप्तर चोरीला गेलं, सभासदांची नावं बाहेर पडणार अशी बोंब झाली आणि सभा मोडली. विचार पटणं वेगळं आणि ते उघडपणे मांडणं वेगळं, हा धडा त्या पिढीला असा मिळाला.

१८६२ साली मुंबई विद्यापीठातून पहिले चार पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक आणि चौथे भांडारकर.

पुढे काही काळ ते सिंधमधल्या हैदराबादला आणि मग रत्नागिरीला हेडमास्तर होते. संस्कृत शिकवताना त्यांच्या लक्षात आलं की इंग्रजी शाळेतल्या मुलांना पाठांतराची जुनी पद्धत झेपत नाही. म्हणून १८६४ आणि १८६८ साली त्यांनी संस्कृतची दोन पाठ्यपुस्तकं लिहिली. ती इतकी चालली की पुढच्या कितीतरी पिढ्या त्यांच्यावरच संस्कृत शिकल्या.

नंतर एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी हंगामी प्राध्यापक म्हणून काम केलं. कायमची जागा भरायची वेळ आली तेव्हा मात्र ती पीटर पीटरसन या गोऱ्या प्राध्यापकाला मिळाली. भांडारकर सहायक म्हणून शिकवत राहिले. १८८२ साली कीलहॉर्न यांच्या जागी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांची नेमणूक झाली आणि तिथून ते पुण्याचे झाले.

ग्रंथाचं वय कसं ओळखायचं?

भांडारकरांनी नेमकं वेगळं काय केलं हे समजण्यासाठी एक उदाहरण पुरेसं आहे.

पतंजलीचं महाभाष्य हा व्याकरणाचा ग्रंथ. तो कधी लिहिला गेला यावर युरोपातल्या विद्वानांचा वाद चालला होता. कुणी त्याला इसवी सनाच्या आधी नेत होतं, कुणी नंतर. ग्रंथावर तारीख नाही, लेखकाने स्वतःबद्दल काही सांगितलेलं नाही. मग ठरवायचं कसं?

भांडारकरांनी व्याकरणाची उदाहरणंच तपासली. शाळेत बाई काळ शिकवताना आजूबाजूचीच वाक्यं घेतात, तसंच पतंजलीनेही केलं होतं. वर्तमानकाळाचा नियम समजावताना त्याने पुष्यमित्रासाठी यज्ञ चालला असल्याचं वाक्य घेतलं होतं. नुकत्याच घडलेल्या गोष्टीसाठी कोणता भूतकाळ वापरायचा हे सांगताना यवनांनी साकेत नगरीला वेढा घातल्याचं उदाहरण दिलं होतं. पुष्यमित्र शुंग हा राजा इतिहासाला माहीत आहे. ग्रीकांची स्वारीही माहीत आहे. म्हणजे पतंजली पुष्यमित्राच्या काळातला, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या मध्यावरचा. १८७२ साली भांडारकरांनी हे मांडलं आणि आजही बहुतेक अभ्यासक पतंजलीचा काळ साधारण तोच धरतात.

वाचायला ही गंमत वाटते. पण हीच पद्धत धर्मग्रंथाला लावली की काय होतं बघा. भाषा कुठल्या काळची आहे? हा ग्रंथ कुणाचा उल्लेख करतो आणि याचा उल्लेख कोण करतं? त्या काळच्या शिलालेखात काय सापडतं? एका पोथीत असलेला श्लोक दुसरीत का नाही? असे प्रश्न विचारायला लागलं की सगळं धर्मशास्त्र एकाच दिवशी आकाशातून पडलं, असं म्हणता येत नाही. त्यात थर दिसायला लागतात. आधीचा नियम, नंतरचा नियम, आणि नंतरच्याने आधीच्याला घातलेली मुरड.

यासाठी पोथ्या हव्यात, आणि त्या भरपूर हव्यात. मुंबई सरकारने जुनी हस्तलिखितं शोधून विकत घ्यायचं काम काढलं होतं. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन यांच्या बरोबरीने भांडारकरही या कामात होते. गुजरातेत पाटणसारख्या ठिकाणी जैनांची जुनी ग्रंथभांडारं होती, तिथल्या पोथ्यांच्याही त्यांनी नोंदी केल्या. या शोधाचे त्यांचे अहवाल आजही संशोधकांना लागतात. दख्खनच्या प्राचीन इतिहासावरचं त्यांचं पुस्तकही १८८४ साली आलं. १८८५ मध्ये जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली आणि पुढच्या वर्षी व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेला ते जाऊन आले. ज्या काळात समुद्र ओलांडला तर प्रायश्चित्त घ्यावं लागे, त्या काळात.

मग देव कुठे राहिला?

आता तुम्ही म्हणाल, ग्रंथाची अशी चिरफाड करणारा माणूस नास्तिक असणार. पण तसं नव्हतं.

३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज स्थापन झाला. थोड्याच काळात रानडे आणि भांडारकर त्यात आले आणि दोघेही समाजाचे आधारस्तंभ झाले. परमहंस सभेसारखं इथे काही गुप्त नव्हतं. एकच ईश्वर, मूर्तिपूजा नाही, मनापासून प्रार्थना करायची आणि सर्व माणसं त्याची लेकरं मानायची. आणि एक फार महत्त्वाचं तत्त्व असं की, कुठलाही ग्रंथ प्रत्यक्ष देवाने सांगितलेला नाही.

या शेवटच्या तत्त्वाचं वजन कळायचं असेल तर त्याच काळातली दुसरी बाजू बघावी लागेल. १८७५ साली स्वामी दयानंद सरस्वतींनी मुंबईत आर्य समाज स्थापन केला. मूर्तिपूजेला त्यांचाही विरोध होता, बालविवाहालाही होता. प्रार्थना समाजाच्या मंडळींचं त्यांच्याशी येणं-जाणं होतं. पण दयानंदांच्या मते वेद ईश्वराचे होते आणि त्यात चूक असूच शकत नव्हती. जे चुकीचं वाटतं ते नंतरच्या लोकांनी घातलेलं किंवा अर्थ लावण्यात गोंधळ करून ठेवलेलं.

भांडारकरांना हे पटणं शक्य नव्हतं. वेद हे प्राचीन ऋषींनी रचलेलं थोर वाङ्मय आहे, पण ते माणसांचं आहे, असं ते मानत. उपनिषदांबद्दलही त्यांचं मत असंच होतं. उपनिषदं सगळी मिळून एकच सिद्धांत सांगतात, असं आचार्यांनी आपापल्या भाष्यांत दाखवायचा प्रयत्न केला. भांडारकरांचं म्हणणं होतं की त्यात अनेक ऋषींचे अनेक विचार आहेत. कुणाला देव सर्वत्र भरलेला दिसतो, कुणाला तो जगाच्या पलीकडे दिसतो. त्यांना एका साच्यात बसवायचा आटापिटा करू नये.

त्यांची स्वतःची ओढ भक्तीकडे होती. ज्याला हाक मारता येते, ज्याच्याकडे मन मोकळं करता येतं असा देव त्यांना हवा होता. सगळं जग माया आहे या मताशी त्यांचं जमलं नाही. प्रार्थना समाजाच्या उपासनेत तुकोबांचे अभंग म्हटले जात, भांडारकर तिथे मराठीत प्रवचनं करत. देवाची ओळख माणसाला हळूहळू पटत जाते, प्रत्येक धर्मात तिचा काही अंश सापडतो, आणि आपल्या विवेकबुद्धीतूनही तोच बोलतो, अशी त्यांची धारणा होती.

म्हणूनच पोथीची तारीख अलीकडची निघाली म्हणून त्यांचा देव डळमळत नव्हता. त्यांचं ईश्वराशी नातं पोथीवर टेकलेलं नव्हतं.

याला दुसरी बाजूही आहे. प्रार्थना समाजाने तुकोबांचा अभंग घेतला, पण विठोबाची मूर्ती आणि वारी बाजूला ठेवली. शेतात राबणाऱ्या वारकऱ्याला हा बिनमूर्तीचा देव काही जवळचा वाटला नाही. समाज शिकलेल्या, वरच्या जातीच्या मंडळींपुरताच राहिला. पुढे विठ्ठल रामजी शिंदे यांच्यासारख्यांनी तो अस्पृश्य वस्त्यांपर्यंत नेला, पण संख्येने तो छोटाच राहिला.

१८९१ : दहा की बारा?

भांडारकरांची खरी कसोटी लागली ती संमतिवयाच्या वादात.

१८६० च्या दंड संहितेनुसार दहा वर्षांखालच्या मुलीशी शरीरसंबंध हा गुन्हा होता, मग तो नवऱ्याने केलेला का असेना. दहाच्या पुढे मात्र कायदा काही म्हणत नव्हता. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी दासी नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा नवऱ्याने केलेल्या संबंधामुळे मृत्यू झाला. देशभर खळबळ उडाली. बेहरामजी मलबारी यांची बालविवाहाविरुद्धची मोहीम आधीपासून चालू होतीच. जानेवारी १८९१ मध्ये वय दहावरून बारा करणारं विधेयक सरकारने मांडलं.

फक्त दोन वर्षांची वाढ. पण महाराष्ट्र आणि बंगाल पेटून उठले.

विरोधकांचा मुख्य मुद्दा धर्मशास्त्राचा होता. मुलगी ऋतुमती झाली की ठरावीक दिवसांच्या आत गर्भाधान संस्कार झालाच पाहिजे, नाहीतर नवऱ्याला पाप लागतं, असं ते म्हणत. एखादी मुलगी बाराच्या आधीच ऋतुमती झाली, तर कायदा पाळणारा माणूस धर्म मोडणार आणि धर्म पाळणारा तुरुंगात जाणार. शिवाय राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यात धर्मात हात घालणार नाही असं वचन होतं, त्याचं काय?

काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासारख्या सुधारकाने यावर सरळ उत्तर दिलं. माणसाच्या जिवाचं रक्षण करताना कायदेमंडळाने शास्त्र काय म्हणतं यात अडकायचं कारण नाही, असं त्यांचं मत.

भांडारकरांनी दुसरा रस्ता धरला. ते थेट पोथ्यांत शिरले. शास्त्राचं नाव घेता ना, मग शास्त्रात काय आहे ते नीट बघू या, असा तो पवित्रा होता.

गृह्यसूत्रं हे लग्नविधीचे फार जुने ग्रंथ. त्यात लग्नानंतर वधूवरांनी तीन रात्री ब्रह्मचर्य पाळावं आणि चौथ्या रात्रीचा विधी करून मग एकत्र यावं असं सांगितलंय. भांडारकरांनी याच्यावर बोट ठेवलं. वधू जर आठ-नऊ वर्षांची पोर असती, तर तीन रात्री थांबा असं सांगायची गरजच काय होती? म्हणजे हे नियम लिहिले गेले तेव्हा मुली वयात आल्यावर लग्नं होत होती. मुलगी लहान असतानाच उरकून टाका हा आग्रह नंतरच्या स्मृतींतला आहे. आणि गर्भाधान अमुक दिवसांतच व्हायला हवं, नाहीतर घोर पाप, असा जो दावा केला जातो तो शास्त्रवचनांतून तितक्या सक्तीने निघत नाही. पुढे ढकलायला तिथे जागा आहे.

त्या वादात इतर ग्रंथही पुढे आले. मनुस्मृतीत मुलीने ऋतुप्राप्तीनंतर तीन वर्षं थांबावं आणि मग स्वतः वर निवडावा अशी तरतूद आहे. सुश्रुताच्या वैद्यकात सोळा वर्षांखालच्या मुलीला गर्भ राहिला तर तो धोक्यात येतो असं सांगितलेलं आहे.

टिळकांनी केसरीतून भांडारकरांवर जोरदार हल्ला चढवला. वचनांचे अर्थ चुकीचे लावले आहेत असं त्यांनी संस्कृतच्याच आधाराने दाखवायचा प्रयत्न केला. टिळकांचा विरोध बालविवाह चालू राहावा म्हणून होता असं म्हणणं मात्र अर्धवट होईल. मुलीचं लग्न सोळाच्या आधी करायचं नाही असा नियम सुधारकांनी आधी स्वतःवर घालून घ्यावा, असं त्यांनीच सुचवलं होतं. परक्या सरकारच्या हाती आपल्या घरातला दंडुका देऊ नये, हा त्यांचा मूळ मुद्दा होता.

शेवटी १९ मार्च १८९१ रोजी कायदा झाला. वय बारा झालं. वाद मात्र तिथे संपला नाही. जर्मन विद्वान योली यांनी भांडारकरांच्या मताला आक्षेप घेतला, तेव्हा भांडारकरांनी १८९३ साली जर्मनीतल्याच एका संशोधन नियतकालिकात बालविवाहाचा इतिहास लिहून त्याचं उत्तर दिलं.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. कुठलाच ग्रंथ देवाने दिलेला नाही असं मानणारा माणूस, मग शास्त्राच्या वचनांवर एवढी मेहनत का घेतो? शास्त्राने उलट सांगितलं असतं तर त्यांनी कायद्याला विरोध केला असता का? नसता केला. मग हा दुटप्पीपणा झाला का?

विरोधकांना तसं वाटत होतं. पण भांडारकरांची अडचण समजून घ्यायला हवी. लोक शास्त्राच्या नावाने अडून बसले होते. त्यांना शास्त्र सोडा म्हणणं म्हणजे भिंतीशी बोलणं होतं. उलट, तुम्ही ज्याला सनातन म्हणता ती रूढी कधीतरी सुरू झाली आहे आणि त्याच्या आधी वेगळी रीत होती, हे त्यांच्याच ग्रंथांतून दाखवता येत होतं. रूढीला सुरुवात आहे हे एकदा पटलं की तिला शेवटही असू शकतो, हे पटायला वेळ लागत नाही.

घरातली परीक्षा

सुधारकांवर एक आरोप नेहमी व्हायचा की, हे लोक सभेत एक बोलतात आणि घरात दुसरंच करतात. तो अगदीच खोटा नव्हता. विधवाविवाहाचा कैवार घेणाऱ्या रानड्यांनी पहिली बायको गेल्यावर १८७३ साली वडिलांच्या दबावाखाली अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. तीच मुलगी पुढे रमाबाई रानडे म्हणून ओळखली गेली. पण त्या वेळी रानड्यांना फार बोल ऐकावे लागले.

भांडारकरांवर ती वेळ वेगळ्या रूपात आली. त्यांची मुलगी विधवा झाली. संमतिवयाचा वाद तापलेला असतानाच, १८९१ च्या सुमारास, त्यांनी तिचा पुनर्विवाह लावून दिला. नातेवाईक आणि जातवाले काय म्हणतील याची त्यांना कल्पना होती. परमहंस सभेच्या काळात ज्या भीतीने सगळे पांगले होते, ती भीती त्यांनी या वेळी अंगावर घेतली.

मुलींच्या शिक्षणाचंही तसंच. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा उभी राहिली, तिच्यामागे रानडे, मोडक, शंकर पांडुरंग पंडित यांच्याबरोबर भांडारकर होते.

१८९३ साली तेलंगांच्या निधनानंतर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १८९५ मध्ये पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. तोपर्यंतच्या रिवाजाप्रमाणे सामाजिक परिषद काँग्रेसच्याच मंडपात व्हायची. पुण्यात मात्र विरोध इतका तापला की परिषद दुसरीकडे भरवावी लागली. त्या परिषदेचे अध्यक्ष भांडारकर होते.

राजकारणात ते टिळकांच्या बाजूला कधीच गेले नाहीत. इंग्रज राज्याबद्दल त्यांना भरवसा होता, सरकारने त्यांना १९११ साली सर ही पदवी दिली. स्वातंत्र्याची ओढ असलेल्या पिढीला हे खटकलं आणि आज वाचतानाही खटकतं. ज्या माणसाने धर्मग्रंथांना कडक प्रश्न विचारले, त्याने परक्या सत्तेला तितके कडक विचारले नाहीत.

देवाचाही इतिहास

१९१३ साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, जर्मन विद्वानांच्या एका ग्रंथमालेत वैष्णव, शैव आणि इतर पंथांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं. भारतातल्या देवांच्या उपासनेचा इतिहास त्यांनी त्यात मांडला.

आज आपण विष्णू, नारायण, वासुदेव, कृष्ण ही एकाच देवाची नावं समजतो. भांडारकरांचं म्हणणं होतं की हे वेगवेगळे प्रवाह होते आणि काळाच्या ओघात ते एकत्र आले. पुरावे कुठले? पाणिनी आणि पतंजलीतले वासुदेवाचे उल्लेख. मध्य प्रदेशात विदिशेजवळ बेसनगरला असलेला गरुडस्तंभ, जो हेलिओडोरस नावाच्या ग्रीक वकिलाने वासुदेवासाठी उभारला आणि त्यावर स्वतःला भागवत म्हणवून घेतलं. आणि आपल्या जुन्नरजवळच्या नाणेघाटातला सातवाहनांचा लेख, ज्यात इतर देवांबरोबर संकर्षण आणि वासुदेव यांना वंदन आहे. नाणेघाटात ट्रेकला गेलेल्या कितीतरी जणांनी तो लेख बघितला असेल, पण तो वासुदेवभक्तीच्या सर्वात जुन्या पुराव्यांपैकी एक आहे हे थोड्यांनाच माहीत असतं. पुढे बेसनगरच्या त्या स्तंभाभोवती उत्खनन करणाऱ्या पुरातत्त्वज्ञाचं नाव होतं देवदत्त रामकृष्ण भांडारकर, म्हणजे यांचेच चिरंजीव.

विठ्ठल हे नावही विष्णूच्या कानडी रूपावरून आलं असावं, असं त्यांनी याच पुस्तकात सुचवलं. नामदेव आणि तुकाराम यांच्यावरही त्यांनी भरभरून लिहिलं.

सगळंच बरोबर निघालं असं नाही. गोकुळातल्या बाळकृष्णाच्या कथा आभीर लोकांनी नंतर आणल्या आणि त्यांच्यावर ख्रिस्ताच्या कथेची छाया असावी, असा त्यांचा एक तर्क होता. पुढच्या बहुतेक अभ्यासकांनी ख्रिस्ताचा भाग मान्य केला नाही. विठ्ठल नावाच्या उगमावरही पुढे वेगवेगळी मतं आली. भांडारकरांनीच रुजवलेल्या पद्धतीने त्यांचीही मतं तपासली गेली.

संस्था आणि महाभारत

६ जुलै १९१७ रोजी, भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, त्यांच्या शिष्यांनी आणि चाहत्यांनी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन केली. भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह तिला दिला. मुंबई सरकारने जमवलेला हस्तलिखितांचा मोठा साठाही डेक्कन कॉलेजातून इथे आला. त्याच साठ्यातल्या ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांची युनेस्कोने २००७ साली जागतिक स्मृतींच्या यादीत नोंद केली.

१ एप्रिल १९१९ रोजी संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम भांडारकरांच्या हस्ते सुरू केलं. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या वेगवेगळ्या लिप्यांतल्या १२५९ पोथ्या या कामासाठी जमवल्या गेल्या. एकेक श्लोक घेऊन तो कुठल्या पोथ्यांत आहे, कुठल्यांत नाही, हे पडताळायचं आणि उपलब्ध पोथ्यांवरून जितकं मागे जाता येईल तितक्या जुन्या पाठापर्यंत पोचायचं. १९२५ साली विष्णु सीताराम सुखठणकर यांनी संपादनाची धुरा घेतली. काम पूर्ण झालं १९६६ साली, तेव्हाचे राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत.

त्यात काय बदललं? एक उदाहरण घ्या. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही कथा लहानपणापासून सगळ्यांनी ऐकलेली. पोथ्या ताडून बघितल्यावर ती मूळ पाठात बसेना, म्हणून संपादकांनी ती परिशिष्टात ठेवली. कथा फेकून दिली नाही. ती केव्हातरी नंतर आली आहे, एवढंच नोंदवलं. याच संस्थेने पुढे पांडुरंग वामन काणे यांचा धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास प्रसिद्ध केला. कुठला नियम कुठल्या काळात आला हा भांडारकरांचा प्रश्न काण्यांनी हजारो पानांत तपासला आणि १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं.

१९१९ च्या नोव्हेंबरात पुण्यात पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भरली, तिचंही अध्यक्षपद भांडारकरांकडेच होतं. पुण्याच्या संगमाजवळच्या संगमाश्रम या बंगल्यात त्यांचे शेवटचे दिवस गेले. २४ ऑगस्ट १९२५ रोजी, ऋषिपंचमीच्या दिवशी, ते वारले. आयुष्यभर ऋषींचे ग्रंथ वाचणाऱ्या माणसाला तिथीही तशीच मिळाली.

आज आपल्या मोबाइलवर रोज एखादा तरी मेसेज येतो, ज्यात लिहिलेलं असतं की आपल्या शास्त्रात असं सांगितलंय. कधी तो अभिमानाने पाठवलेला असतो, कधी शास्त्राला शिव्या घालायला. दोन्ही वेळा भांडारकरांनी विचारले असते तेच प्रश्न विचारता येतात. कुठल्या ग्रंथात? तो कधीचा? सगळ्या पोथ्यांत आहे का? त्याच्या आधीचा ग्रंथ काय म्हणतो? १८९१ साली या प्रश्नांच्या उत्तरांवर लहान मुलींचं आयुष्य टांगलेलं होतं, आणि ते विचारणाऱ्या माणसाला स्वतःच्या देवाचा हात सोडावा लागला नव्हता.